ट्रकचं सुतक

किल्ली गुळाच्या काहिलीत पडून गेली आणि शेवंता खोताच्या ट्रकला सुतक लागलं. ट्रक चालू होईना.

किल्ली जुनी होती. ट्रक दारात आला त्या दिवशी त्याच्याबरोबरच आली होती आणि तेव्हापासून शेवंताच्या पदराच्या गाठीत राहत होती. त्या दिवशी गुऱ्हाळावर रस उकळत होता. विलासराव पाटील तिथं येऊन शेवंताला म्हणाले होते, "वहिनी, ट्रक आता म्हातारा झाला. मला देऊन टाका." शेवंता म्हणाली होती, "बघू." मग ती गुळाचा पाक बघायला वाकली, पदराची गाठ सुटली आणि किल्ली काहिलीत गेली.

गुळव्यानं झाऱ्यानं ती बाहेर काढली तेव्हा लोखंडी दांडा शाबूत होता, पण वरच्या प्लॅस्टिकच्या डोक्यातला जीव गेला होता. त्या डोक्यात तांदळाच्या कणीएवढी चिप असते आणि ट्रक आपल्या किल्लीला तिच्यावरून ओळखतो. शेवंतानं दांडा पुसून कुलपात घातला. दांडा फिरला, पण ट्रकनं ओळख दिली नाही. स्टिअरिंगच्या पुढचा लाल दिवा तेवढा मिणमिणत राहिला.

"दिवा लावलाय त्यानं," ज्ञानू म्हणाला.

ज्ञानू हा शेवंताचा नवरा. एकदा घाटात चक्कर आल्यापासून त्याच्याकडचं स्टिअरिंग शेवंताकडं आलं होतं आणि तो क्लीनरच्या बाजूला बसत असे. गावात त्याला शेवंताचा क्लीनर म्हणत. त्याला त्याचं काहीच वाटत नसे. उलट नवा माणूस भेटला की तो आपणहून सांगे, "आमची मालकीण गाडी मागं घेती ना, सुईत दोरा ओवल्यावाणी."

तालुक्याहून मुबारक आत्तार आला. तो किल्ल्या करणारा. स्कूटरवर कानस, यंत्र आणि लॅपटॉप घेऊन फिरे. जुन्या दांड्यावरून त्यानं नवी किल्ली कापली, घासली, फुंकर मारली. मग ट्रकच्या पोटातल्या वायरीला लॅपटॉप जोडला आणि बराच वेळ पडद्याकडं बघत बसला.

"काय म्हणतोय?" शेवंतानं विचारलं.

"वाहन सुतकात आहे, म्हणतोय. नवीन किल्ली स्वीकारता येत नाही."

"मग आता?"

"आता काय, आक्का. दहावा होऊ द्या. नव्या गाड्या तिसऱ्या दिवशीच मोकळ्या होत्यात, त्यांना कुणाचंच सुतक जास्त नसतं. ही जुनी गाडी. ही सगळं पाळणार."

"घाई केली तर?"

"घाई केली तर ती कायमचीच गप होईल. मिरजेकडं एकानं केली होती. त्याच्या गाडीत आता कोंबड्या अंडी घालत्यात."

मुबारकनं नवी किल्ली रुमालात गुंडाळून शेवंताच्या हातात दिली आणि सांगितलं, "दहाव्यापर्यंत हिला गाडीच्या नजरेस पडू देऊ नका."

शेवंताला घोर लागला तो वेगळाच. दहाव्याच्याच दिवशी साखर कारखान्याची मोळी होती. गळीत सुरू होताना उसाची पहिली मोळी गव्हाणीत, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर, पडते आणि ती आणायचा मान खोतांच्या गाडीचा होता. कारखान्याची चिमणी पहिल्यांदा पेटली त्या वर्षी शेवंताच्या सासऱ्यांनी बैलगाडीतून मोळी नेली होती. ट्रक आला तेव्हा सासऱ्यांनी बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून ट्रकच्या तोंडाला बांधली आणि मान ट्रककडं गेला. मान गाडीचा असतो, माणसाचा नसतो, असा नियम आहे. ज्याची गाडी त्याचा मान. आणि एक वर्ष गाडी चुकली तर मान रांगेतल्या मागच्या गाडीकडं जातो, परत येत नाही. मागची गाडी विलासरावांची होती. नवी, पांढरी, बटणावर चालू होणारी. तिला किल्लीच नव्हती.

शेवंतानं घुंगरमाळ उतरवून ठेवली. आरशाचे गोंडे काढले. ट्रकनं हॉर्न बंद केला होताच.

लोक भेटायला आले. सुतकाच्या घरी शेजारी पिठलं-भाकरी आणतात, तसं कुणी डिझेलचा कॅन आणला, कुणी ऑइलचा डबा. वरच्या आळीचा ट्रॅक्टरवाला बॉनेटपासून हातभर लांब उभा राहिला आणि डोळे पुसत गेला. त्याचीही किल्ली मागं विहिरीत गेली होती.

विलासरावही येऊन गेले. "वाईट झालं," ते म्हणाले. "आमच्या गाडीला ही भानगडच नाही. बटण दाबलं की चालू."

"असंल," शेवंता म्हणाली. "तिच्यामागं रडायला कोण नाही, त्याला ती तरी काय करणार?"

विलासरावांनी टोपी सारखी केली. "मी मोळीचं म्हणत होतो. दहावा आणि मोळी एकाच दिवशी. जमायचं नाही. तुम्ही त्या दिवशी 'बघू' म्हणाला होता. आज व्यवहार केला तर ट्रक माझा, सुतक माझं आणि मानही घरातच राहिला असं समजा."

"कुणाच्या घरात?" ज्ञानूनं विचारलं.

विलासरावांनी चपला पायात सरकवल्या.

दहाव्याला ट्रक घाटावर न्यायचा होता आणि तो तर चालत नव्हता. विलासरावांनी ओढून न्यायला आपली गाडी पाठवली. शेवंतानं ती परत पाठवली. सुतकातल्याला परक्यानं शिवायचं नसतं. मग भावकीतल्या बैलजोड्या जुंपल्या. शेवंता स्टिअरिंगवर बसली, ज्ञानू पुढं कासरा धरून चालला आणि कृष्णेच्या घाटापर्यंत ट्रक बैलांनी नेला. रस्त्यावरची माणसं बाजूला होऊन टोप्या काढत होती.

घाटाला लागूनच खोतांच्या मळीतला, नदीकाठच्या रानातला, ऊस तोडून पडला होता. तोडणीची टोळी मोळ्या बांधून बसली होती, कारण ट्रक मोकळा झाला की लगेच भरायचा होता. मुबारक लॅपटॉप घेऊन वडाखाली बसला होता. कारखान्याचा चिटबॉयही आला होता. तोडणीच्या चिठ्ठ्या फाडणाऱ्याला चिटबॉय म्हणतात. हा पन्नाशीचा होता, बंडोपंत नावाचा, नियमाला पक्का.

"ऊन त्या पायरीवर येईपर्यंत थांबतो," बंडोपंत म्हणाला. "मग विलासरावांच्या गाडीच्या नावानं चिठ्ठी फाडणार. सुतकातल्या गाडीला गव्हाणीत घेता येत नाही. मला वाईट वाटतं, पण घेता येत नाही."

विलासरावांची गाडी वरच्या रस्त्यावर भरून उभी होती. आवाजसुद्धा करत नव्हती.

गुरुजींनी किल्लीचं जळकं डोकं पाटावर ठेवलं. भाताचा पिंड मांडला, वर गुळाचा खडा ठेवला आणि सगळ्यांना मागं सरायला सांगितलं. कावळे आले. ट्रकच्या टपावर ओळीनं बसले. पिंडाकडं बघत राहिले. शिवायला एकही उतरला नाही.

"इच्छा राहिलीय," गुरुजी म्हणाले. "बोला कोणीतरी."

ज्ञानू पुढं झाला. त्यानं हात जोडले. "पुढचे दोन्ही टायर नवे घालतो."

कावळ्यांनी माना वळवल्या.

"वायपर बदलतो. बरं, सीटवर नवं कापड घालतो. ते जाळीचं, गार लागणारं."

"ते तुला पाहिजे, तिला न्हाई," शेवंताची जाऊ मागून म्हणाली.

मुबारकनं पाटावरच्या जळक्या डोक्याला सांगितलं, "नवी किल्ली मी तुझ्या दांड्यावरूनच कापलीय, बाई. एका दाताचा फरक नाही." एक कावळा जरा खाली सरकला, पण पुन्हा वर गेला.

"भंगारात जायचं म्हणत असंल ती," विलासराव पायरीवरून म्हणाले. "म्हातारपणी तेवढीच इच्छा असती." दोन माणसं हसली. टपावरचे कावळे उडाले आणि पार पलीकडच्या काठावर जाऊन बसले.

ऊन पायरीपासून वीतभर राहिलं. बंडोपंतानं खिशातून पेन काढलं, टोपण काढलं आणि पेन झटकलं.

शेवंता पिंडाकडं बघत उभी होती. किल्लीला टायरचं काय, आणि वायपरचं काय. ती कधी ट्रकच्या बाहेरच्या अंगाला गेलीच नव्हती. ती राहिली ती पदराच्या गाठीत, कमरेशी. तिथून तिला जे ऐकू आलं तेवढंच तिला माहीत. शेवटचं काय ऐकू आलं असेल, हे शेवंतानं मनात मागं मागं जाऊन बघितलं आणि ती गुऱ्हाळावर पोचली. रस उकळत होता. विलासराव बोलत होते. आणि ती स्वतः एक शब्द बोलली होती. आपल्याकडं 'बघू' म्हणणाऱ्यानं निम्मं देऊन टाकलेलं असतं, हे विलासरावांना कळलं होतं. किल्लीलाही कळलं होतं. कळलं नव्हतं ते तिचं तिलाच.

तिनं पदर खोचला आणि विलासरावांकडं तोंड केलं.

"विलासराव, मी तुम्हाला 'बघू' म्हणाले होते. ते मी परत घेते."

"म्हणजे?"

"म्हणजे बघायचं काही न्हाई. ट्रक विकायचा न्हाई. माझ्या सासऱ्यांनी बैलांच्या गळ्यातली माळ काढून त्याला बांधली, ती ट्रक तुमच्या अंगणात उभा करायला न्हाई. मान आमचा हाय, आम्ही तो ओढत नेऊ, ढकलत नेऊ, पण नेऊ. सगळ्यांच्या देखत सांगते."

"मी साक्षीला," ज्ञानू म्हणाला.

पलीकडच्या काठावरून कावळ्यांचा थवाच्या थवा उठला. पहिल्यानं चोच मारली ती गुळाच्या खड्यावर.

मुबारकनं लॅपटॉप उघडला. लाल दिवा मिणमिणायचा थांबला होता. "मोकळी झाली," तो म्हणाला आणि वाचून दाखवू लागला. "वाहनाचे सुतक फिटले आहे. नवीन किल्ली समोर आणावी."

शेवंतानं रुमाल सोडला. किल्ली कुलपात घातली, पण फिरवली नाही. नव्या माणसाला उंबऱ्यात जरा थांबवतात, तसं तिला थांबवलं. मुबारकनं बटणं दाबली.

"काय म्हणतोय?"

"कुणाची, विचारतोय."

"खोतांची म्हणावं," शेवंता म्हणाली.

मुबारकनं तसं लिहिलं. ट्रकनं एकदा अंग हलवलं आणि चालू झाला. धूर काळा आला, मग पांढरा, मग आलाच नाही. टोळीच्या बायकांनी मोळ्या उचलल्या. ज्ञानूनं घुंगरमाळ बांधली, गोंडे लावले आणि क्लीनरच्या जागेवर जाऊन असा बसला की जणू तोच निवडून आलाय.

बंडोपंतानं पायरीकडं पाहिलं. ऊन अजून बोटभर लांब होतं. त्यानं वाकून तिथं बोट ठेवून खात्री केली आणि मग खोतांच्या गाडीच्या नावानं चिठ्ठी फाडली.

कारखान्याच्या दारात ट्रक शिरला तेव्हा भोंगा झाला आणि ट्रकनं आपणहून हॉर्न दिला. इतके दिवस दाबून ठेवलेला होता, त्यामुळं तो लांबला. चेअरमन नारळ हातात धरून तो संपेपर्यंत थांबले. शेवंतानं ट्रक मागं घेतला, सुईत दोरा ओवल्यावाणी, आणि गव्हाणीच्या तोंडाशी नेमका उभा केला, बंद केला आणि नवी किल्ली पदराच्या गाठीत बांधली. पहिली मोळी तिनं स्वतःच्या हातानं टाकली. तिला फेटा बांधायचा की साडीचा आहेर करायचा याचा नियम नव्हता, म्हणून दोन्ही केलं. फेटा तिनं उतरवला नाही.

ट्रककडं परत येताना रांगेत दुसऱ्या नंबरला विलासरावांची गाडी उभी होती. विलासराव खाली उतरून आले.

"शोभला फेटा, वहिनी," ते म्हणाले. "पण पुढच्या वर्षीचं काय? ट्रकचं वय तर वाढणारच."

शेवंतानं तोंड उघडलं. सवयीचा शब्द ओठावर आलाच होता. तेवढ्यात पदराच्या गाठीतून तिच्या कमरेला चटका बसला, काहिलीजवळ उभं राहिल्यासारखा.

"न्हाई," शेवंता म्हणाली.

चटका निवला. तिनं गाठ चाचपून बघितली, पक्की होती. मग ज्ञानूला म्हणाली, "चला, बसा. अजून तीन खेपा हायेत."