दादाभाऊंच्या राजाचं ऑपरेशन

पिंपळवंडीच्या अलीकडच्या फाट्यावर दादाभाऊंचं खता-औषधांचं दुकान आहे आणि आसपासच्या गावांत कुणाच्याही पिकावर काहीही पडलं की माणूस आधी तिथं धावतो. टोमॅटोचं वाकडं झालेलं पान पिशवीत घालून आणायचं, दादाभाऊंनी ते उजेडात धरायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली असं गंभीरपणे सांगायचं, हा रोजचा शिरस्ता. लोक त्यांना फवारणीचे डॉक्टर म्हणत. (दादाभाऊ बारावी सायन्सला दोनदा बसले होते, त्यामुळे 'डॉक्टर' शब्द कानावर पडला की त्यांना मनापासून बरं वाटे.) अशा माणसाच्या घरात एका बोक्यानं स्वतःची फवारणी सुरू करावी, याला नशीब म्हणतात.

बोक्याचं नाव राजा. गेल्या वर्षी युरियाच्या गोण्यांमागं मुठीएवढं पिल्लू सापडलं, ते दादाभाऊंनी खिशात घालून घरी आणलं. आता तो चांगला चार किलोचा, रुंद गालांचा गडी झाला होता. दादाभाऊंची स्कूटर वळणावर आली की हा दारात हजर. दादाभाऊ जेवताना दिवसभराच्या फुशारक्या सांगायचे आणि त्या शेवटपर्यंत ऐकून घेणारा घरात तेवढा एकच जीव होता. दादाभाऊंचा त्याच्यावर फार जीव होता, आणि ते कबूल करायला त्यांना लाजही वाटत नसे.

पण यंदा दिवाळीनंतर राजा वयात आला. शेपूट ताठ करायची, तिचं टोक थरथरवायचं, पाठ फिरवायची आणि भिंतीवर बारीक फवारा सोडायचा. आधी पडदा झाला, मग सोफा, मग लेकीचं, आरोहीचं दप्तर. एके सकाळी दादाभाऊंचं हेल्मेट झालं. दादाभाऊंना ते कळलं नाही. ते हेल्मेट घालून कळंबला डीलरांच्या मीटिंगला गेले आणि एवढ्या गर्दीत आपल्याला एकट्याला अख्खा बाक कसा मिळाला, याचं त्यांना परत येईपर्यंत कौतुक वाटत होतं.

हे सगळं आरतीनं पुसून काढलं. आरती म्हणजे दादाभाऊंची बायको. घरात बसून गावाचे ब्लाउज शिवायची, आणि तिच्या मशीनवर दुकानाइतकीच गर्दी असायची. पण एक दिवस राजानं सरपंचीणबाईंच्या पैठणीच्या ब्लाउजवर फवारा मारला. त्या दिवशी आरतीनं मशीन बंद केली, टेप गळ्यात तसाच ठेवून दुकानात आली आणि शांतपणे सांगितलं की जुन्नरला डॉक्टर मोईज आहेत, ते बोक्यांची नसबंदी करतात. पंधरा दिवसांत वास थांबला पाहिजे, नाहीतर राजा निमगाव सावाला तिच्या भावाच्या गोठ्यात जाईल.

दादाभाऊंनी हातातलं माप खाली ठेवलं. "आपल्या घरात कुठल्याच पुरुषाचं ऑपरेशन व्हनार न्हाई."

"अहो, बोका हाय त्यो."

"बोका असला तरी पुरुषच हाय ना."

हा विषय या घरात नवा नव्हता. धाकटा स्वराज झाल्यावर गावच्या आशा सेविका वैजयंतीताई घरी आल्या होत्या. दोन मुलं झाली, आता ऑपरेशनचं बघा, आणि पुरुषांचं तर लई सोपं असतं, असं त्यांनी दादाभाऊंच्या तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा दादाभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. असली कामं बायकांनी करायची असतात, आरतीला सवड झाली की ती करून घेईल, असं त्यांनी सांगून टाकलं. त्याला सहा वर्षं झाली. आरतीला अजून सवड झालेली नव्हती.

तर फवारणीच्या डॉक्टरांनी राजाचा इलाज स्वतःच करायचं ठरवलं. पहिल्या दिवशी त्यांनी पाठीवर पंप लावून घरभर निंबोळी अर्क मारला. कडू वासानं बोका तिकडं फिरकणार नाही, हा हिशोब बरोबर होता, पण हाताच्या सवयीनं त्यांनी त्यात स्टिकर घातलं. स्टिकर म्हणजे पावसानंही औषध पानावरून धुऊन जाऊ नये म्हणून घालायचा चिकट द्रव. परिणामी निंबोळीचा वास आणि राजाचा वास हे दोन्ही भिंतीला आठ दिवस घट्ट चिकटून राहिले. मग त्यांनी सोफ्यावर माशीचे पिवळे चिकट सापळे टांगले. त्यांना राजा चिकटला नाही. संध्याकाळी बातम्या बघायला बसलेले दादाभाऊ मात्र अर्ध्या मिशीसकट चिकटले, आणि ती अर्धी मिशी आरतीला कात्रीनं सोडवावी लागली. उरलेली अर्धी दादाभाऊंनी स्वतः काढली.

बाराव्या दिवशी राजानं थेट शिलाई मशीनवर फवारा मारला. आरतीनं भावाला फोन लावला आणि गोठ्यात उंदीर फार झालेत का, अशी चौकशी केली. त्या संध्याकाळी दादाभाऊंनी राजाला मांडीवर घेतलं, डोळे पुसले आणि गुपचूप जुन्नरला नाव नोंदवलं.

खरी गडबड झाली ती दुसऱ्या दिवशी. दादाभाऊ दुकानात एका गिऱ्हाइकासाठी मोरचूद मोजत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी समोरच्या माणसाला बटण दाबायला सांगितलं, त्यानं ते दाबलं आणि मोठ्या मनानं स्पीकरही लावला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती आणि मेथीचं बी घ्यायला आलेल्या, शेजारच्या सत्तरीच्या कुशाबाई होत्या.

"दादाभाऊ ना?" डॉक्टर मोईज यांच्या दवाखान्यातली फरहा बोलत होती. "उद्या अकरा वाजता नसबंदीसाठी नाव आहे. आज रात्रीपासून पोटात काही नको, भूल द्यायचीये. आणि नंतर आठ दिवस उड्या मारायच्या नाहीत."

फवारणीच्या डॉक्टरला स्वतःचा बोका आवरला नाही, हे गावाला कळलं तर काय अब्रू राहील, एवढंच दादाभाऊंच्या डोक्यात होतं.

"हळू बोला ताई," ते फोनवर वाकून म्हणाले, "हितं मानसं बसल्यात. गावात कळाया नको."

कुशाबाई बी न घेताच घरी गेल्या.

ऑपरेशन उत्तम झालं. राजा गळ्यात प्लॅस्टिकची गोल कॉलर घालून दुसऱ्या दिवशीपासून घरभर फिरू लागला. आणि त्याच दिवसापासून दादाभाऊंना गाव फार चांगलं वाटू लागलं. गिऱ्हाइकं खताच्या गोण्या आपल्या आपण उचलायला लागली. तुम्ही वाकू नका दादाभाऊ, म्हणून दटावायला लागली. कुणी बसायला उशी आणली, कुणी गावठी अंडी दिली. मिशी काढलेली पाहून दोघांनी हळूच एकमेकांकडे बघितलं, ते मात्र दादाभाऊंच्या लक्षात आलं नाही. इतक्या वर्षांच्या सेवेची गावाला उशिरा का होईना जाणीव झाली, असा अर्थ त्यांनी काढला.

चौथ्या दिवशी कुशाबाई शिरा घेऊन दुकानात आल्या. इकडंतिकडं बघून त्यांनी हळूच विचारलं, "लई तरास झाला का रं?"

राजाची बातमी फुटली, हे दादाभाऊंनी ओळखलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "कसला तरास, कुशाबाई. दुसऱ्या दिवशी उड्या माराया लागला."

हा माणूस स्वतःबद्दल तिऱ्हाइतासारखं बोलतो, म्हणजे भूल अजून उतरलेली नाही, असं कुशाबाईंना वाटलं. "आन आता कसं हाय?"

"आता येकदम शांत. खातो आन झोपतो. आधी रोज रात्री भिंतीवरनं उडी मारून जायचा, पार पहाटं यायचा. गावात कितीजणींच्या मागं हिंडायचा, कुनाला ठावं. ते समदं बंद."

कुशाबाईंनी पदर तोंडाला लावला. "आन आरतीला ठावं व्हतं ह्ये?"

"तिनंच तर नाव काढलं ऑपरेशनचं."

कुशाबाई शिऱ्याचं भांडं तिथंच विसरून गेल्या. संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या बायकांना आरतीबद्दल आदर आणि सगळ्या पुरुषांना आरतीबद्दल धास्ती वाटायला लागली.

आठव्या दिवशी सरपंच बाळासाहेबांनी निरोप धाडला की ग्रामसभेत दादाभाऊंचा सत्कार आहे. बाळासाहेबांचा चेहरा सत्कार करणाऱ्यासारखा अजिबात नव्हता, पण दादाभाऊंनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी इस्त्रीचा सदरा चढवला आणि 'फवारणी : काल, आज आणि उद्या' असं भाषण तीन पानांवर लिहून काढलं.

सभेला बायका पहिल्यांदाच पुरुषांपेक्षा जास्त होत्या. बाळासाहेबांनी शाल घातली, नारळ दिला आणि दादाभाऊंनी जे केलं ते करायला छाती लागते, असं पडेल आवाजात सांगून ते खाली बसले. दादाभाऊ माइकपुढं उभे राहिले. त्यात विशेष काही नाही, ते म्हणाले, प्रत्येक पुरुषानं हे केलं पाहिजे, आणि कुणाला जमत नसेल तर मी स्वतः घरी येऊन करून दाखवीन. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पुरुषांतले दोघंजण उठून बाहेर गेले.

तेव्हा कुठं दादाभाऊंनी मागं वळून फळ्यावर काय लिहिलंय ते वाचलं. 'पुरुष नसबंदी करून घेणारे गावातील पहिले नागरिक.' त्याखाली खडूनं काढलेल्या दोन फुलांच्या मध्ये त्यांचं पूर्ण नाव होतं.

त्यांच्या हातातली तीन पानं गळून पडली. "माजं न्हाई," ते माइकवर ओरडले, "ऑपरेशन राजाचं झालंय. राजाचं."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पहिल्या रांगेतून कुशाबाई उठल्या. "खरं हाय बाबा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "राजा मानूस हाय. बायकूसाठी एवढं कोन करतं?"

पुन्हा टाळ्या. दादाभाऊंनी मदतीसाठी आरतीकडं बघितलं. बोका कोण आणि माणूस कोण, हे सांगू शकणारी सभेत ती एकटीच होती. आरती सगळ्यांच्या बरोबरीनं टाळ्या वाजवत होती. एवढ्यात वैजयंतीताई दादाभाऊंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. दहा वर्षं दारोदार हिंडले, त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, एक पुरुष तयार झाला नाही, आणि तुमच्यामुळं या आठवड्यात चौघांची नावं आली. त्यांनी कागद पुढं केला. पहिलं नाव सरपंच बाळासाहेबांचं होतं, आणि बाळासाहेबांचा चेहरा तसा का होता ते दादाभाऊंना कळलं. वैजयंतीताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. दादाभाऊंनी माइक हळूच बाजूला सारला.

घरी आल्यावर त्यांनी शाल सोफ्यावर टाकली. राजा आला. त्यानं शाल हुंगली, पाठ फिरवली आणि शेपूट ताठ केली. दोघांनीही श्वास रोखला. राजानं थोडा विचार केला, मग शेपूट खाली घेतली, शालीवर गोल फिरला आणि अंगाचं वेटोळं करून झोपला. आरतीनं भावाला फोन करून गोठ्यातल्या उंदरांसाठी दुसरं मांजर बघ म्हणून सांगितलं.

दादाभाऊंना इतका आनंद झाला की सभेचं दुःख ते विसरलेच. "तुला समदं आधीपासनं ठावं व्हतं," ते हसत म्हणाले. "सांगितलं का न्हाईस गावाला?"

"ब्लाउज न्यायला येनारी हरेक बाई माज्या नवऱ्याचं कौतुक करत व्हती," आरती म्हणाली. "लगीन झाल्यापासनं पहिल्यांदा. कसं सांगू?" मग तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट दाखवलं. घरी आल्या आल्या तिनं मंगळवारावर पेनानं गोल काढला होता. "आन शाल घेतली, नारळ घेतला. आता गावाला खोटं पाडायचं का? सभा सुटल्यावर वैजयंतीताईंना सांगून मी तुमचं नाव गुपचूप पाचवं घातलंय. अकरा वाजता हाय. घाबरू नका, तुमीच तर सांगता, दुसऱ्या दिवशी उड्या मारतो म्हनून."

दादाभाऊ हळूहळू राजाशेजारी बसले. खुंटीवर राजाची प्लॅस्टिकची कॉलर लटकत होती. आरतीनं ती काढली, एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं बघितलं, मग गळ्यातला टेप काढून दादाभाऊंच्या मानेभोवती धरला.

"सोळा," ती म्हणाली. "ही न्हाई बसायची. नवी शिवावी लागंल."