काशिनाथशेठच्या गाडीतली हवा

आमच्या शेलार गावचे काशिनाथशेठ सकाळी देवपूजेच्या आधी गाडीच्या एसीच्या जाळ्या साफ करतात. हातात दाढीचा जुना ब्रश, खिशात कानात घालायच्या काड्या आणि दातांत धरलेली टॉर्च. कानाचा डॉक्टर डोकावतो, तसे ते त्या फटींतून आत डोकावतात.

शेठ माझे शेजारी. घरामागेच त्यांचे कापड विणायचे लूम. त्यामुळे आमच्या गल्लीत कापसाची रुई उडते आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून आमटीपर्यंत सगळीकडे बसते. त्याचं शेठना काही नाही. फक्त गाडीत ती जाता कामा नये. गाडीत बसायचं तर आधी कपडे झटकायचे. एकदा त्यांनी व्याह्यांनाही झटकायला लावलं, तेही लग्नाच्या मांडवासमोर.

मागे गॅरेजवाल्याने डॅशबोर्ड खोलून आतल्या हवेच्या नळ्या साफ केल्या. शेठ तिथेच स्टूल टाकून बसले. नळीतून रुईचा गोळा निघाला, तेव्हा मला म्हणाले, "बग, हितं पन लूम चालू हाय!"

गॅरेजवाला म्हणाला, "सेठ, परफ्यूम मार दूँ? मस्त खुशबू आएगी."

"खुशबू नको रे, हवा पायजे, हवा!"

एवढी जपलेली गाडी, पण अंबाडी गावच्या बाजाराला शेठ मोटरसायकलवरच जायचे. गल्लीत सगळे हसायचे. मीही हसायचो.

गेल्या उन्हाळ्यात मी भर दुपारी खारबाव स्टेशनवरून येत होतो. रस्त्याकडेला चिंचेच्या सावलीत शेठची गाडी उभी, इंजिन चालू. शेठ मात्र बाहेर, उन्हात.

"शेठ, बंद पडली काय?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मागच्या सीटवर शांताकाकी, म्हणजे त्यांची बायको, गाढ झोपली होती. काकींना दमा. त्यांचा रात्रभराचा खोकला भिंतीपलीकडे आम्हालाही ऐकू येतो.

"घरी झोप न्हाय लागत तिला," शेठ हळूच म्हणाले. "हितं लागते. रोज दुपारचा आनतो."

"मग तुम्हीही आत बसा की."

"लूमवरनं आलोय. कितीबी झटकलं तरी माझ्या अंगावरची रुई जात न्हाय. गाडी चालवताना बसावंच लागतं, तेवढं बास."

इतक्यात काकींना जाग आली. त्यांनी काच थोडी खाली केली. "अवो, कवापासनं उभं हाव उन्हान?"

शेठचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"आत्ताच उतरलो," ते म्हणाले. "तू झोप."