मुंजाभाऊंची लाथ आणि सोजरवहिनींची पाठ

सोनपेठ तालुक्यातल्या त्या गावात शाळेवर माझी बदली झाली. खोली भाड्यानं घेतली, ट्रंक टेकवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून बघते तर काय? अंगणात एक धडधाकट शेतकरी कंबर धरून पाठमोरा उभा, आणि माझे घरमालक त्याच्यावर ओरडताहेत, "लाथ मिळनार न्हाई! एकदा सांगितलं ना!"

"मारा की हो भाऊ, एकच. शेतातून आसाच आलोय," तो अगदी काकुळतीला आला होता.

"हात लावू देतूस का? न्हाई तर नीघ."

म्हटलं, देवा, कुठं आणून टाकलंस मला!

मग उलगडा झाला. आमचे घरमालक मुंजाभाऊ जन्माला आले ते डोक्याकडून नव्हे, पायांकडून. अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण पळते, अशी लोकांची पक्की समजूत. दुसरा कुणी असता तर लाथा वाटत मिरवला असता. मुंजाभाऊंना मात्र त्या लाथेचा भयंकर राग. तरुणपणी त्यांनी परभणीच्या एका तालमीत सहा वर्षं उस्तादांची सेवा केली होती आणि आखडलेलं अंग हातानं मोकळं करायची विद्या मिळवली होती. "सहा वरसं मी हात शिकलो, बाई, आन् लोकं पाय मागायलेत!" हे वाक्य ते दिवसातून चारदा तरी म्हणत. ऐकायला कुणी नसलं तर म्हशीला ऐकवत.

शेवटी तडजोड व्हायची. आधी हात, मग निघताना पाय. माणूस ताठ होऊन घरी जायचा आणि पारावर सांगायचा, "काय लाथ हाय राव!"

आणि त्यांचं ते हातानं करणं म्हणजे तरी काय? तेल नाही, रगडणं नाही, कडाकड बोटं मोडणं नाही. दोन तळवे पाठीवर ठेवायचे आणि बसून राहायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना डुलकी लागली. पाठवाला चुळबुळ करायचा. "गप," मुंजाभाऊ म्हणायचे, "मांसाला घाई न्हाई." बऱ्याच वेळानं त्यांचा चेहरा उजळायचा आणि ते कुजबुजायचे, "सुटायलंय... सुटायलंय."

त्या चुळबुळीवर उपाय त्यांनी माझ्याकडून नेला. "बाई, समद्यात अवघड पाढा कोन्ता?" मी सहज म्हटलं, एकोणतीसचा. झालं! तेव्हापासून जो पालथा पडेल त्यानं मुंजाभाऊंच्या मागं एकोणतीसचा पाढा म्हणायचा. पुढं शाळा तपासायला साहेब आले आणि त्यांनी नेमका तोच पाढा विचारला. पोरं ततपप करू लागली, आणि खिडकीत उभ्या राहिलेल्या बापांनी एका सुरात धडाधड म्हणून दाखवला. साहेब माझ्याकडं बघतच राहिले.

हे सगळं पुरुषांचं. ऊसतोडीवरून परत आलेल्या बायका पाठी धरून यायच्या, त्यांना हात कसा लावायचा? त्यांच्या वाट्याला फक्त पाय. भर अंगणात, पाठीवर वाकळ टाकून, चार माणसांसमोर. "पायानं काय हुतंय, बाई? खोटं हाय ते," मुंजाभाऊ तळमळायचे. एखादी बाई शिकून तयार झाली पाहिजे, हा त्यांनी ध्यास घेतला होता. पण ज्या बाईला विचारावं ती पदर तोंडाला लावून हसायची, "आमी कुठं पायाळू हाव?"

मग नजर माझ्याकडं वळली. मीही टाळत होते. पण एक दिवस ते माझ्या उंबऱ्याशी येऊन खाली बघत म्हणाले, "वहिनीसाठी तरी शिका."

सोजरवहिनी त्यांच्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आल्या तेव्हा तेरा वर्षांच्या, आणि मुंजाभाऊ दोन वर्षांचे, आई गेलेली. वहिनींनी त्यांना कडेवर घेतलं ते चांगले मोठे होईस्तोवर उतरवलं नाही. पुढं वर्षानुवर्षं ऊसतोड केली, नवरा गेला, आणि आता वहिनी कमरेत वाकून, जमिनीकडं बघतच घरभर फिरायच्या. मुंजाभाऊंनी लग्न केलं नव्हतं. एका घरात विधवा भावजय आणि बिनलग्नाचा दीर, एवढं गावाच्या जिभेला पुरे होतं. त्यात हात लावायचा म्हणजे संपलंच. आणि जिच्या पाया पडायचं तिला पाय तर कसा लावणार? अख्ख्या तालुक्याच्या पाठी सोडवणारा माणूस घरातली ती एक पाठ नुसती बघत बसला होता.

"हाड वाकलेलं न्हाई," ते मला सांगायचे. "उन्हाळ्यात अंगणात निजत्यात तवा पाठ सपाट टेकती. नुस्तं आखडलंय. माजी खात्री हाय."

मी हो म्हटलं. आता शिकवणार कसं? माझा हात धरून दाखवायची तर सोयच नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मोसंबी सोलली आणि सालीखालचा पांढरा पापुद्रा दाखवला. "आपल्या कातडीखाली आसाच पापुद्रा आस्तो. त्यो आखडतो. त्याला दाबायचं न्हाई, नुस्तं धरायचं." मोसंबी मी खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून सराव चंद्रीवर. चंद्री म्हणजे म्हैस. रोज शाळा सुटली की मी तिच्या खांद्यावर तळवे ठेवून पाढा म्हणायची, आणि मुंजाभाऊ चार हात लांबून ओरडायचे, "घाई करायलात, बाई! तिला कळायलंय!" बाई म्हशीला पाढे शिकवायल्यात, अशी गावभर बोंब झाली. पण दोन महिन्यांनी एके दिवशी चंद्रीची कातडी माझ्या हाताखाली लोण्यासारखी सैल झाली आणि तिनं मोठा सुस्कारा सोडला. मी आनंदानं ओरडलेच.

आता वहिनी. त्या कसल्या ऐकतात! "माझं काय ऱ्हायलंय आता? चाललंय की," एवढंच पालुपद. मुंजाभाऊंनी मग शक्कल काढली. "वहिनी, बाईंची परीक्षा हाय. तुमची पाठ दिली तर पास हुतील, न्हाई तर बिचाऱ्या नापास." स्वतःसाठी कधी काही न मागितलेली ती बाई माझ्यासाठी लगेच पालथी झाली.

दिवाळीची सुट्टी होती. नामांतरावरून बंद होता, एसटी सुटत नव्हती, म्हणून मला मानवतला घरी जाता आलं नव्हतं. रोज सकाळी दार लोटून मी वहिनींच्या पाठीवर हात ठेवायची, आणि मुंजाभाऊ बाहेर ओसरीवर दाराकडं पाठ करून मोठ्यानं पाढा म्हणायचे. पहिले चार दिवस काही नाही. लाकडावर हात ठेवल्यासारखं. मला रडू यायचं.

पाचव्या दिवशी बाहेरून आवाज आला, "बाई, डाव्या अंगाला बघा. बरगडीच्या खाली."

"तुम्हांला काय माहीत?"

ओसरीवरचा पाढा दोन आकडे पुढं गेला. मग, "त्याच कडेवर मी बसायचो."

मी हात डावीकडं सरकवला. तिथंच होती ती गाठ. वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या, पण त्यांनी ऐकलं होतं.

आठव्या दिवशी ती गाठ सुटली. वहिनी भिंतीला धरून उठल्या. आणखी उठल्या. अगदी सरळ नाही झाल्या, खोटं कशाला सांगू, पण मान वर गेली आणि त्या माळवदाच्या छताकडं बघतच राहिल्या.

"आगं माय! ही जळमटं कवाची?" आवाज असा खणखणीत, की बाहेरचा पाढा मधेच तुटला. "ओ भाऊजी! मी खाली बघून चालायले म्हनून तुमी वर बघायचंच सोडलं का? लाज हाय का काई?"

मुंजाभाऊ काठीला बांधलेला झाडू घेऊन आत आले. वहिनींकडं एकदा बघितलं आणि वर तोंड करून जळमटं काढायला लागले. एक कोपरा झाला, दुसरा झाला, तुळई झाली. जळमटं संपली तरी मान काही खाली येईना, आणि झाडू थांबेना.

"भाऊ, तिथं काही नाही आता," मी म्हटलं.

"हाय, बाई, हाय," ते वरच बघत म्हणाले. दुसऱ्या हातानं त्यांनी गाल पुसला.

मी पुढं होणार, तेवढ्यात वहिनींनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "सुटायलंय."