चावडीतला रेडिओ आणि शंकरतात्या

रेडिओचं मागचं झाकण उघडायच्या आधी आमचे शंकरतात्या पायातल्या वहाणा काढायचे. देवघरात शिरल्यासारखे! संगमनेरजवळच्या त्या गावात मी मास्तर म्हणून गेलो, तात्यांच्या शेजारी खोली घेतली आणि पहिल्याच दिवशी त्यांचा जुना रेडिओ लावायला गेलो. आवाज येईना म्हणून दिली एक थाप. तात्यांनी माझा हातच धरला.

"दम धरा मास्तर, आतले काचेचे व्हॉल्व्ह तापू द्या. झोपेतनं उठल्या उठल्या तुमी तरी बोलता का?"

त्या दिवसांत लोक खांद्याला ट्रान्झिस्टर अडकवून औत हाकायचे, मुंबईत तर म्हणे टेलिव्हिजनसुद्धा आला होता, आणि हा गृहस्थ व्हॉल्व्हचे मोडके रेडिओ गोळा करत बसलेला. सतरा होते हो, सतरा! प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली: कोणाचा, कुठून आला, त्यावर पहिल्यांदा काय ऐकलं. पुढची पोरं विचारतील तेव्हा कोण सांगणार, हे त्यांचं पालुपद. एकदा घोडेगावच्या बाजारात म्हैस आणायला गेले ते एक मुका रेडिओ घेऊनच परतले. घर सांभाळणारी त्यांची भावजय आठवडाभर बोलली नाही. तात्या खूश. म्हणाले, घरात आता बातम्या नीट ऐकू येतात.

अशात पंचायतीनं चावडीतला जुना रेडिओ काढायचं ठरवलं. सगळं गाव ज्याच्यापुढं बसायचं, तोच. सरपंचांनी निरोप धाडला, फुकट न्या. तात्या असे हरखले की मला हाताला धरून ओढतच नेलं. वाटेत मी दहादा बजावलं, तात्या, तिथं गप्प राहायचं, उचलायचा आणि निघायचं. पण कसले गप्प बसतात! पोचल्या पोचल्या सुरूच झाले. लाकूड अस्सल सागवान, बटणं विलायती, असा सेट उभ्या तालुक्यात सापडायचा नाही. सरपंच कान देऊन ऐकत होते.

"इतका भारी हाय व्हय?" ते म्हणाले. "मग ऱ्हाऊ द्या. खोक्याचं कोंबड्यांला खुराडं करतो."

मी कपाळाला हात लावला. असा संताप आला म्हणता! तात्या मात्र खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सरपंच, आमची मंडळी पुन्याला रेडिओवर जात्यावरच्या वव्या म्हनायला गेल्ती, तवा तिचा आवाज ह्याच्यातनंच आल्ता. तुमी बी हुता की चावडीत. पुढच्या साली ती गेली. आवाज कुनी ठिवला न्हाई. ज्यातनं आला, तेवढं तरी मला ठिवू द्या."

तात्यांच्या घरात त्यांच्या बायकोचा फोटोही नव्हता, हे मला तेव्हा एकदम जाणवलं.

सरपंचांनी वाकून खोक्याची एक बाजू धरली, दुसरी मी. तात्या पुढं चालत होते, वाटेतले दगड पायानं बाजूला सारत.