परबकाकांची विलायती शाळा

आमच्या दिंडोशीच्या सोसायटीत कुठलाही वाद पेटला की परबकाका त्यात आपली शाळा घालतात. एकदा पाण्याच्या टाकीवरून मीटिंगमध्ये आवाज चढले होते. काका उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आमच्या शाळेचा छप्पर जळलेला, तरी दुसऱ्या दिवशी वर्ग भरलेच!"

सेक्रेटरी कांबळे हात जोडून म्हणाले, "काका, शाळा तुमची असू दे. टाकी आमची आहे ना!"

खरं तर शाळाही काकांची नव्हे. काका शिकले मालवणकडच्या खेड्यात, देवळाच्या पडवीत, सातवीपर्यंत. मग गिरणी, आणि गिरणी बंद पडल्यावर औषधांच्या गोडाऊनवर वॉचमनकी. 'आमची शाळा' म्हणजे इंग्लंडमधल्या कुठल्याशा गावातलं फक्त मुलग्यांचं जुनं हायस्कूल. काकांनी ते कधी पाहिलेलं नाही. त्यांचा नातू निहार तिथे जातो, एवढंच.

शाळेच्या वेबसाइटवर तिचा इतिहास आहे. तो मराठीत करून मोबाईलला मोठ्यानं वाचायला कसं लावायचं, हे काका माझ्याकडून शिकले आणि आमच्या मजल्याची शांतता संपली. मी शेजारीच राहते. सकाळी पोळ्या लाटताना भिंतीपलीकडून मोबाईलमधली बाई सांगायची, 'संस्थापक लोकरीचा व्यापारी होता. त्याला मूल नव्हते.' मागून काकांचा आवाज, "अरेरे!"

हेडमास्तरांशी तर त्यांचे घरच्यासारखे संबंध. छडी मारणारा तो 'मेलो कसाई'. महायुद्धाच्या दिवसांत क्रिकेटच्या मैदानात बटाटे लावून घेणारा तो 'आपलो माणूस'. शाळेत मुलांची चार हाऊस होती. मोबाईलनं त्यांची 'घरे' केली आणि काकांनी घराणी. "आमचो निहार निळ्या घराण्यातलो," हे भाजीवाल्यालासुद्धा पाठ झालं होतं.

एका सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर, वयानं सगळ्यात मोठे म्हणून कांबळेंनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. काका बोलले ते त्या शाळेच्या भिंतीवरच्या पाटीबद्दल. लढाईत मेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं आहेत म्हणे तिच्यावर. "मिशी फुटूक नव्हती रे पोरांका," एवढं म्हणून ते चष्मा पुसायला लागले. पोरंटोरं फिदीफिदी हसायला लागली. कांबळेंनी घाईघाईनं 'भारत माता की जय' म्हणून वेळ मारून नेली.

त्या दिवशी जिना चढताना मी विचारलंच, "काका, हे सगळं पाठ कशाला करता हो?"

काका कठड्याला धरून थांबले. "रविवारी व्हिडिओवालो फोन येता ना. पोर 'हाय आजोबा' म्हणता. मी 'जेवलंस?' इचारतंय. तो 'येस' म्हणता. मगे दोघंव एकमेकांचा तोंड बघीत रवतंव. एकदा मी शाळेतल्या घड्याळाचा इचारलंय, तर केवढो बोललो गो! माका निम्मा कळला नाय, पण बोललो."

यंदा नाताळच्या सुट्टीत त्यांचा मुलगा महेश निहारला घेऊन आला. काकी जाऊन बरीच वर्षं झालीत, त्यामुळे स्वयंपाक काकांनीच केला. सुरमई आणायला पहाटे वर्सोव्याला जाऊन आले. इंग्रजीला आधार म्हणून मला जेवायला बोलावलं.

निहार उंच, लाजरा मुलगा. मराठी मोडकी, पण गोड. पानं वाढली आणि काकांनी सुरू केलं. व्यापारी, आग, बटाटे. मी जमेल तसं इंग्रजी करत होते. निहारचा हात थांबला. तो बापाकडे बघायला लागला.

"बाबा, जेवण थंड होतंय," महेश म्हणाला.

"होऊ दे. पोराक आयकू दे आपल्या शाळेचा."

"आजोबा," निहार हळूच म्हणाला, "मी तिकडे नाही जात आता. मी आणि मम्मी दुसऱ्या टाऊनमध्ये राहतो. लास्ट इयरपासून."

महेशनं मान वर केली नाही. "सांगणार होतो, बाबा. आम्ही वेगळे झालोय. फोनवर कसं सांगू ते कळेना."

काकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग निहारला विचारलं, "मगे तू माका फोनवर शाळेचा सांगत होतंस ता?"

"तुम्हाला आवडतं ना," निहार म्हणाला.

काकांनी सुरमईचा मोठा तुकडा त्याच्या ताटात वाढला. "काटो बघ हां," म्हणाले आणि आत पाणी आणायला गेले. पाणी टेबलावरच होतं.

ते दोघं परत गेले त्या संध्याकाळी काका मोबाईल घेऊन माझ्या दारात आले. "नव्या शाळेचा नाव लिवन घेतलंय. बघ तरी."

मी शोधलं. काचेची झकास इमारत, मोठं मैदान, हसरी मुलंमुली. शाळा अगदी अलीकडे निघालेली.

"इतिहास खंय हा?"

"नाहीये, काका. नवीन आहे ना."

काकांनी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. "मगे रविवारी त्याका इचारूचा काय?"

"त्याचंच विचारा. नव्या गावात करमतं का, मित्र झाले का, काय आवडतं."

काका संकोचानं हसले.

"ता कसा इचारतत गो?" म्हणाले. "मी महेशाक पण कधी इचारूक नाय."