लटारूचा अकरावा रकाना

पायी चालताना हात दाखवून वळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा शेजारी निघाला.

लटारूला किराण्याच्या दुकानाकडे वळायचं असलं की दहा पावलं आधीपासून त्याचा उजवा हात खांद्याच्या रेषेत बाहेर येई. थांबायचं असलं की तोच हात वर जाई. मागून येणाऱ्याला वाट द्यायची असली की तो हात हळूहळू मागून पुढे हलवी. मागून येणारी बहुधा कुणाची तरी शेळी असे. तिलाही तो रीतसर पुढे जाऊ देई. वडशाला मंडईच्या जत्रेतलं नाटक बघायला गेला होता, तेव्हा ऐन रंगात आलेल्या प्रवेशात उठून उभा राहिला आणि हात आडवा धरला. मागचा एकजण वैतागून म्हणाला, "खाली बस बे, काही दिसून नाई राह्यलं."

"वळून राह्यलो ना भाऊ," लटारू म्हणाला. "हात दिसत नाई का तुले?"

हे सगळं एका पुस्तिकेमुळे झालं होतं. मोटार चालवण्याच्या नियमांची ही पातळ पुस्तिका त्याने नागपूरहून कुणाकडून तरी मागवली होती आणि ती त्याला तोंडपाठ होती. मोटार मात्र त्याच्याकडे नव्हती. त्याच्याकडे होती एक बंडी आणि ती ओढणारे दोन हल्ये, म्हणजे रेडे. या बंडीतून तो जंगलातलं सागवान वडशाच्या स्टेशनावर नेऊन टाकत असे. एक दिवस ठेकेदाराने सांगितलं, की दोन हंगामांनंतर लाकूड ट्रकने जाईल, बंड्या बंद. ज्याच्याकडे ट्रकचं लायसन असेल त्याला ठेवीन, बाकीच्यांनी आपलं बघावं.

बाकीच्या बंडीवाल्यांनी ठेकेदाराला शिव्या दिल्या. लटारूने आरमोरीला जाऊन चौकशी केली आणि बातमी आणली, की जंगलपट्टीतल्या माणसाला नागपूरच्या मोटार शाळेत तीन महिने शिकवायचा खर्च सरकार देतं. फी, राहणं, खाणं, सगळं. अट दोनच. चौथी पास पाहिजे, आणि वय पस्तिसाच्या आत पाहिजे. लटारू चौथी पास होता आणि शाळेच्या दाखल्याप्रमाणे तेहतीस वर्षांचा होता.

"मी ट्रक चालवीन गुरुजी," तो म्हणाला, "अन् हे दोघं बसून खातीन. नाई तं बाजारात इकाव लागन यायले. अन् बाजारातून हल्या कुठी जाते, ते तुमाले मालूम हाय."

मला मालूम होतं. मी गावच्या प्राथमिक शाळेचा हेडमास्तर. तेव्हा माझी पत्नी जाऊन वर्ष होत आलं होतं. शाळा सुटली की घरी यायचं, घरापुढच्या छपरीत बसून वाचायचं, अक्षर दिसेनासं झालं की आत जाऊन पडायचं, हा माझा क्रम होता. गावाने तो ओळखला होता आणि माझ्याकडे येणं हळूहळू सोडलं होतं. गावाचा हा समजूतदारपणा मला बरा वाटत होता. लटारूमध्ये तो अजिबात नव्हता.

तो रोज संध्याकाळी येऊ लागला. अर्ज लिहायला माझ्याकडे यावं लागतं हे मी समजू शकतो. पण अर्ज लिहून झाल्यावरही तो जात नसे. छपरीच्या कडेला बसून, पायांखाली तीन विटा मांडून, तो मोटार चालवण्याचा सराव करी. तोंडाने इंजिनाचा आवाज काढी. चढ आला की आवाज जड होई, उतारावर हलका. माझी छत्री त्याने गिअर म्हणून घेतली होती. मी एकच ओळ चार चार वेळा वाचत असे.

पहिल्या दिवशी चाकासाठी त्याने भिंतीवरच्या खुंटीचं सूप काढलं. ते सूप माझ्या पत्नीचं होतं. ती गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. "ते जागेवर ठेव," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्याने काही न विचारता ते पुसलं, खुंटीला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी घरून टोपलीचं झाकण आणलं.

त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला नियम होता, आणि नियमाला नंबर होता. मी चष्मा शोधत मागे सरकलो की, "नियम सातवा. मांगं पाह्यल्याबिगर मांगं याचं नाई." मी घाईने काही लिहू लागलो की, "नियम तिसरा. वळनावर दमानं." येताना तो नेहमी फडक्यात बांधून भात आणि कशाची तरी भाजी आणी, निम्मी माझ्यापुढे ठेवी. मी नको म्हटलं की सांगे, "नियम एकोनीसावा. उपाशी पोटी गाडी चालवाची नाई. लिवनाऱ्याले बी लागू हाय." निदान खाताना तो इंजिन बंद ठेवी, म्हणून मी खात असे.

अर्जाच्या नमुन्यात बारा रकाने होते. दहा मी भरले. अकरावा होता, 'अर्जदारावर अवलंबून असणारे : नाव व वय.' लटारूचं लग्न झालं नव्हतं, आई वारली होती. मी तिथे रेघ मारायला टाक टेकवला, तर त्याने माझा हात धरला.

"हा मी घरी भरतो. चौथी पास हावो ना."

अर्ज तो स्वतःच आरमोरीच्या कचेरीत देऊन आला. दोन महिन्यांनी उत्तर आलं. उत्तरं माझ्याच पत्त्यावर येत. मी मोठ्याने वाचलं : अर्जदाराची मुले नामे पांडू, वय नऊ, व सोमा, वय सात, ही कोणत्या शाळेत शिकतात, याचे हेडमास्तरांचे दाखले जोडावेत.

मी माझ्या अविवाहित शेजाऱ्याकडे पाहिलं.

"पांडू आणि सोमा कोण?"

"तुमाले मालूम नाई?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "रोज तुमच्या कुंपनावरची वालाची येल खाते ना, तो पांडू."

मी चष्मा काढून ठेवला. रेड्यांची नावं सरकारी अर्जात लिहिता येत नाहीत, हे मी त्याला शाळेत समजावतो तसं समजावलं. तो शांतपणे ऐकत होता. हे त्याचं सगळ्यात चीड आणणारं लक्षण. तो ऐकून घेतो.

"खोटं लिवलं का मी?" तो म्हणाला. "माह्यावर कोन अवलंबून हाय मंग, तहसीलदार?"

"मग रकाना रिकामा ठेव."

"पाहा ना गुरुजी, केवढा ठेवला त्यायनं. पाच ओळी हायेत. पाच. रिकामा ठेवला तं सरकार म्हनन, याचं कोनीच नाई."

मी ते त्याच्या हेकटपणात जमा केलं आणि खुलासा लिहायला घेतला : सदर पांडू व सोमा हे विद्यार्थी नसून हल्ये आहेत. तीस वर्षांच्या नोकरीत असं वाक्य लिहायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

त्या खुलाशाचं उत्तर येण्याआधी, छप्पन्न साली, आमचं राज्यच बदललं. आम्ही इथेच राहिलो आणि आमची राजधानी नागपूरहून मुंबईला गेली. जुने कागद कुठे गेले ते कुणाला सांगता येईना. नव्या नमुन्यावर सगळं पहिल्यापासून लिहायचं ठरलं. मी पुन्हा दहा रकाने भरले. लटारूने अकरावा पुन्हा घरी नेऊन भरला. परत आल्यावर मला म्हणाला, "यंदा बरोबर लिवलं. पांडू दहा, सोमा आठ. वय वाढलं ना त्यायचं मधात."

"आणि तुझं?" मी विचारलं. "तू किती झालास?"

 तो चौतीस पूर्ण करून बसला होता.

पुढच्या उन्हाळ्यात चौकशीसाठी एक साहेब सायकलवर आले. आधी शाळेत आले. घामाघूम होते. खुर्चीवर बसून म्हणाले, "हेडमास्तर, हे पांडू अन् सोमा तुमच्या हजेरीत आहेत का?"

"नाहीत."

"म्हणजे मुलांना शाळेत घातलंच नाही. वय दहा अन् आठ. हे बरोबर नाही मास्तर, तुम्ही लक्ष द्यायला पाहिजे."

मी काही सांगणार, तेवढ्यात लटारू दारात आला. त्याने धुतलेला सदरा घातला होता. मागे पांडू आणि सोमा होते. त्याने त्यांना नाल्यावर घासून आंघोळ घातली होती आणि शिंगांना तेल लावलं होतं. चौथीची पोरं बाकांवर उभी राहिली.

"राम राम साहेब," लटारू म्हणाला. "हा पांडू. हा सोमा. सोमा थोडा लाजते."

साहेबांनी आधी रेड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"अरे, अवलंबून म्हणजे माणूस पाहिजे."

"असं छापलं नाई साहेब. नाव अन् वय, येवढंच इचारलं."

साहेबांनी पिशवीतून नमुना काढून वाचला. पुन्हा वाचला. खरंच तसं छापलेलं नव्हतं. ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हा माणूस नेहमीच असा आहे का?"

"रोज संध्याकाळी," मी म्हणालो.

साहेब भले होते. त्यांनी पिशवीतून एक कोरा नमुना काढून दिला. "आठ दिवसांत भरून द्या. पुढच्या वर्षी याचं वय बसणार नाही. अन् हे बघ, अकराव्यात माणूस लिहायचा. नसला तर काही लिहायचं नाही."

त्या संध्याकाळी मी लटारूला भरपूर बोललो. दीड वर्ष, तीन अर्ज, एका रकान्यापायी ट्रक जाईल, ट्रक गेला की हल्ये जातील, आणि मग कुणाची नावं लिहिणार आहेस तू. बोलता बोलता लक्षात आलं, की इतकं सलग मी कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो. लटारूने सगळं ऐकून घेतलं. मग नमुन्याची घडी केली.

"अकरावा मी घरी भरतो."

"माणूसच भर."

"मानूसच भरतो."

कोण, हे विचारण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. पाचही ओळींत त्याने गावच्या कोतवालाला घातलं असतं तरी मला चाललं असतं.

मंजुरी पावसाळा संपता संपता आली. अवलंबून असणाऱ्यांच्या बाबतीत मागाहून कळवू, तूर्त अर्जदाराने शाळेत हजर व्हावे, असं त्यात होतं. लटारूच्या हातात मी कागद दिला, तर त्याने तो उलटा सुलटा पाहिला आणि म्हणाला, "तीन महिने यायले कोन पाहीन?"

हा प्रश्न त्याला दीड वर्षात पहिल्यांदा पडला असेल, असं मला वाटत नाही. माझ्या अंगणात दोन खुंटे त्याने आदल्याच आठवड्यात ठोकले होते. मी विचारलं तेव्हा, वालाची वेल चढवायला, म्हणाला होता.

जाताना त्याने सूचना दिल्या. पांडूला पाणी आधी, सोमाला नंतर. "अन् सोमाच्या संगं बोलाव लागते. चूप राह्यलं तं तो खात नाई. काहीबी बोला. त्याले समजत नाई, पन पाह्यजे." नियमांची पुस्तिका त्याने माझ्याजवळ ठेवली. आता तिची गरज नाही, म्हणाला, तिथी खरी गाडी हाय. मग तो बसच्या रस्त्याला लागला. देवळाशी वळताना उजवा हात बाहेर आला.

पहिल्या दिवशी कोंडा पाखडायला मी खुंटीवरचं सूप काढलं. दुसरं काही घरात नव्हतं. सोमापुढे कोंडा ठेवला आणि मी गप्प उभा राहिलो. तो खरंच खाईना. रेड्याशी काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून छपरीतलं पुस्तक आणलं आणि मोठ्याने वाचायला लागलो. सोमाने खायला सुरुवात केली. पांडूला वाचनाची आवड नाही, तो पाठ करून उभा राहतो. पुस्तक संपलं तेव्हा मी ती नियमांची पुस्तिका वाचून दाखवली. एकूण अठरा नियम होते. एकोणिसावा कुठे नव्हता. मी मागचं मुखपृष्ठही पाहिलं.

त्याच आठवड्यात कचेरीचं पत्र आलं. लटारूच्या अर्जाची नक्कल सोबत होती, आणि पत्रात लिहिलं होतं : अर्जदाराने रकाना अकरामध्ये नमूद केलेली व्यक्ती शासकीय नोकरीत असल्याचे दिसते. सदर व्यक्तीचे अर्जदाराशी नाते काय, याचा खुलासा आठ दिवसांत करावा.

मी नक्कल उघडली. अकराव्या रकान्यात लटारूच्या गोल, चौथी पास अक्षरात माझं नाव होतं. पुढे वय, एकोणपन्नास. ते त्याने शाळेतल्या कुणाला विचारलं असणार. पाच ओळी होत्या, म्हणून खाली आणखी लिहिलं होतं : 'एकटे राहते. सांजेले चूल पेटत नाई.'

सांजेला माझी चूल पेटत नव्हती हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

लटारू नागपूरला होता. विचारायला कुणी नव्हतं. मी टाक घेऊन बसलो. त्याचे तीन अर्ज मी एकेका बैठकीत लिहिले होते, पण या एका शब्दाला मला दोन संध्याकाळी लागल्या. शेजारी लिहिलं आणि खोडलं. विद्यार्थी लिहावं तर तो माझ्या हाताखाली कधी शिकला नव्हता. कोणी नाही असं लिहायला टाक उचलला, आणि अंगणात सोमा फुरफुरला. त्याला अजून वाचून दाखवलं नव्हतं.

शेवटी लिहिलं, 'नाते : आहे.' खाली सही केली, शाळेचा शिक्का मारला आणि कागद आरमोरीला पाठवला. ज्या कचेरीने आमच्या प्रत्येक ओळीवर हरकत घेतली होती, तिने या ओळीवर घेतली नाही.