कोट कुठे आहे

फॅशनच्या छायाचित्रात कपडा दिसणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे, यावर पॅरिसमधल्या जाणत्यांचं एकमत झालेलं आहे. मादाम ओडिल वासेर यांना मात्र ते कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी राखी कोट शिवला, मासिकाला पाठवला आणि फोटो पाहायला स्वतःच स्टुडिओत हजर झाल्या. या कोटाला गिऱ्हाईक मिळालं नाही तर दुकानाला कुलूप लागणार होतं. म्हणून त्या शिवणयंत्रावरून उठल्या त्या अंगातल्या एप्रनसकट.

कोट फ्रिजला घातलेला होता.

"आणि कोट घालणारी मुलगी?" ओडिलबाईंनी विचारलं.

"ती फ्रिजची भूमिका करतेय," छायाचित्रकार तांक्रेद म्हणाला. कोपऱ्यात एक मुलगी दुधाची बाटली धरून निर्विकार उभी होती. "हे उत्तर-आधुनिक आहे, मादाम. आम्ही फॅशनलाच हसतोय."

"हसा की. पण माझा कोट तिला घालून हसा."

बरीच हुज्जत झाल्यावर कोट मुलीच्या अंगावर चढला. ती इतकी बारीक, की तो मापात बसावा म्हणून पाठीला ओळीने चिमटे लावावे लागले. हे सगळेच करतात आणि फोटो समोरून काढतात. तांक्रेदने तिला पाठमोरी केलं.

"चिमटे दिसतायत," ओडिलबाई म्हणाल्या.

"तेच दाखवायचंय. फोटोने कबूल केलं पाहिजे की तो खोटं बोलतोय."

"तुमचा फोटो बोलत असेल. माझा कोट नाही बोलत." त्या तरातरा पुढे गेल्या आणि चिमटे काढू लागल्या.

"मादाम, बाजूला व्हा."

"नाही होत. आधी तिला सरळ वळवा."

"मासळीचा वास कुठून येतोय?" मुलीने विचारलं.

ओडिलबाई कोटासमोर हात पसरून उभ्या राहिल्या. तांक्रेद वैतागला, मग एकाएकी त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बटण दाबलं.

मासिक आलं तेव्हा पानभर ओडिलबाईच होत्या. डोळे वटारलेल्या, एप्रनमध्ये. मागे कोटाची अर्धी बाही दिसत होती. खाली छापलं होतं : 'वस्त्राची अनुपस्थिती'.

त्याच दिवशी दुकानातला फोन वाजायला लागला.

"फोटोतलं ते तुम्हीच शिवता ना?"

"हो हो. राखी, आतून अस्तर लावलेला."

"राखी नव्हे हो. तो निळा, डागवाला. डाग तसेच हवेत."

संध्याकाळपर्यंत फोन थांबले नाहीत. कोटाबद्दल एकानेही विचारलं नाही.

एप्रन शेजारच्या मासेवाल्याचा होता. ओडिलबाईंकडे तो नाडी लावायला आला होता; ती पुरते का बघायला त्यांनी तो अंगावर बांधला होता.